ताकसांडे सरांचं थांबणं

परवा दुपारी शेजारच्या सूनबाई आपल्या मुलाला वाचायला बसवत होत्या. मधली भिंत एकच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "काय आहे हे? बोल! बोल ना लवकर! अरे, घ आहे, घ! घर!" प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये त्या पोराला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मी उठले, त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत आले. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं माझं वय आता राहिलेलं नाही. पण ती दुपार काही धड गेली नाही. ताकसांडे सर डोळ्यांपुढून हलेनात.

सर वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या अल्लीपूरच्या शाळेत आले तेव्हा मी दुसरीच्या वर्गावर होते. सत्तरचं दशक तेव्हा अर्धंअधिक सरलेलं. उंच माणूस, पण वर्षानुवर्षं लहान मुलांच्या शेजारी बसून पाठीला पोक आलेला. अंगात टेरिलिनचा पांढरा शर्ट, आणि बगलेत गुंडाळलेलं एक बस्कर. तागाचं, कडा उसवलेलं. ते बस्कर घेऊनच ते शाळेच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा आमच्या शिपायाला वाटलं, सतरंज्या विकणारा आला. "आज नाई घेणं," म्हणून त्यानं त्यांना परत पाठवायला सुरुवातही केली होती. सर म्हणाले, "नोको घेऊ बावा. फक्त बसू दे."

त्यांचं बसणं हे एक प्रकरणच होतं. सर खुर्चीवर बसत नसत. मुलासमोरही बसत नसत. मुलाच्या शेजारी बस्कर अंथरायचं, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचं, आणि मांडी घालायची. तोंडात सुपारी असायचीच. पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवून ते मुलाला "हे काय?" म्हणत, आणि मग त्यांचा जबडा थांबायचा. सुपारीसुद्धा चघळणं बंद. मूल छताकडे बघे, पायाचा अंगठा ओढे, नाकात बोट घाले. सर तसेच. फार झालं तर हळूच म्हणत, "घाई नाई. मी बसलो आहो."

"शाब्बास" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी येत नसे. मूल बरोबर वाचो की चुको, ते फक्त "पुढं" म्हणत. मी एकदा विचारलं, सर, पोरांना जरा शाब्बासकी दिली तर काय बिघडतं? म्हणाले, "बाई, शाब्बास म्हटलं का पोरगं पुस्तक सोडून माह्या तोंडाकडं पाहाले लागते. तिथं काई लिहून नाई."

मुंबईला जाऊन ते वर्षभराचं शिक्षण घेऊन आले होते. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांना लोक मंद म्हणतात, नाहीतर ज्यांचं बाकी सगळं ठीक आहे पण अक्षरंच लागत नाहीत, अशी मुलं कशी शिकवायची याचं. ते परत आल्यावर शिक्षण खात्याला प्रश्न पडला, या माणसाचं करायचं काय? तसलं पदच कुठं नव्हतं. शेवटी एका वर्षाच्या बोलीवर त्यांना आमच्या शाळेत एक वर्ग काढून दिला. वर्ष संपताना तपासणीचे साहेब येणार आणि मुलं वाचतात का ते पाहणार. वाचली तर दर तालुक्याला असा वर्ग, आणि सरांनी मास्तर लोकांना तयार करायचं. नाही वाचली तर वर्ग बंद, आणि पोरं आपापल्या घरी. वर्गासाठी दिलेली खोली म्हणजे मुलांना खायला वाटायच्या सुकडीची पोती ठेवायची मागची खोली. तिथल्या मुलांच्या दप्तरांनाही सुकडीचा वास यायचा.

दर शनिवारी दुपारी सर आम्हा शिक्षकांना घेऊन बसत. शाळा सुटल्यावर घरी जायचं सोडून शिकायला कोण बसतो? आम्ही बसलो ते वरून हुकूम होता म्हणून, आणि तोंडं वाकडी करूनच. पहिल्याच शनिवारी त्यांनी बल्लारशाकडच्या पाहुण्याकडून आणलेलं पोरांचं तेलुगू पुस्तक काढलं. फळ्यावर चार अक्षरं काढली, भराभर म्हणून दाखवली, पुसून टाकली, आणि हातात छडी घेऊन आमच्यामधून फिरू लागले. "वाचा! काय हाय हे? आत्ता त सांगतलं! घरी अभ्यास करता का नाई?" हुबेहूब आमचाच आवाज. मला दरदरून घाम फुटला. ती वाटोळी वाटोळी अक्षरं सगळी सारखीच दिसत होती. सगळी एकमेकांची जुळी भावंडं.

आमचे हेडमास्तर झाडे गुरुजी मात्र उभे राहिले आणि अख्खी ओळ घडाघडा वाचून मोकळे झाले. ओळीवर बोटही फिरवलं. आम्ही चाटच पडलो. सर त्यांच्या शेजारी गेले आणि नरमाईनं म्हणाले, "गुरुजी, बोट मांगं राह्यलं."

झालं होतं असं की गुरुजींनी ओळ कानानं टिपून ठेवली होती. तोंड ओळीच्या शेवटाला पोचलं तेव्हा बोट अजून मधेच होतं. आम्ही फिदीफिदी हसलो. गुरुजी लालबुंद झाले आणि टोपी उचलून चालू लागले. सरांनी दाराशी जाऊन त्यांचा हात धरला. "गुरुजी, नाराज नोका होऊ. तुमी तेच केलं जे आपले पोट्टे करते. मार चुकवाले तोंडपाठ करते, आन् आपुन म्हणतो वाचते. तोंड नोका पाहू. बोट पाहा." गुरुजी परत येऊन बसले, पण पुढचे दोन शनिवार ते सरांशी बोलले नाहीत.

त्यानंतर आमच्यावर थांबायची पाळी आली. एकेका शिक्षकाशेजारी एकेक मूल. शब्दावर बोट ठेवायचं, विचारायचं आणि गप्प बसायचं. बस्स, एवढंच! वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. आमचे भोयर मास्तर, जीव लावणारा माणूस, पण पोटात काही राहत नसे. ते दातात रुमाल धरून बसायचे. मी स्वभावानं उतावळी. समोरच्या पोराचे ओठ नुसते थरथरले तरी माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा. सर वैतागून म्हणाले, "बाई, तुमचं उत्तर तुमच्याजोळ ठेवा. याचं याच्यासाठी राहू द्या. तुमी त्याच्या ताटातलं उचलून खाऊन राह्यल्या."

आता कमलबद्दल सांगते.

तपासणीच्या दिवशी ढ मुलांना घरी ठेवायची तेव्हा सगळीकडेच रीत होती. उघड कोणी सांगत नसे. आदल्या दिवशी फक्त म्हणायचं, "उद्या नाई आली तरी चालते." कमलनं हे वाक्य इतकं ऐकलं होतं की साहेबांची जीप फाट्यावर दिसली की ती आपणहून दप्तर उचलून निघायची. अकरा वर्षांची घोडी, दुसरीतच बसलेली. बाकी कामाला चपळ, गाणी पाठ, हिशेब तोंडी. पण पाटीवरचं अक्षर समोर आलं की डोळे विझायचे. सर आल्यावरच्या पहिल्या तपासणीला तिची जागा रिकामी दिसली. त्यांनी विचारलं, आम्ही हजेरीपटात डोकी घातली. तेव्हा सर उठले आणि साहेब शाळेत असताना सरळ शिवारात गेले. कापूस वेचणाऱ्या बायांमधून तिला शोधून घेऊन आले. तिच्यामागे तिची आई सेवंताबाई, ओटीत कापूस तसाच, ओरडत.

"मास्तर, काऊन नेता तिले? तिले नाई येत! सारे हासते!"

सरांनी तिथंच व्हरांड्यात बस्कर अंथरलं, मायलेकींना बसवलं आणि विचारलं, "सेवंताबाई, तिले काय वाचता आलं पाह्यजे तुमाले?"

असा प्रश्न त्या बाईला जन्मात कोणी विचारला नव्हता. ती बराच वेळ ओटीतल्या कापसाकडे बघत राहिली. सर थांबले. मग ती म्हणाली, "तिले पोथी नाई वाचाची, चिठ्ठी नाई लिहाची. बसचा बोर्ड वाचता आला पाह्यजे. मी मेली, त पोट्टी घरी कशी येईन?"

मग तिनं सांगितलं. आदल्या वर्षी दोघी वर्ध्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. परत येताना सेवंताबाई स्टँडवर पाणी प्यायला गेली, आणि गाडी लागलेली पाहून कमल चढून बसली. पाटीवरचं पहिलं अक्षर अल्लीपूरसारखं वाटलं, एवढ्यावर. ती गाडी होती आष्टीची. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. दोन दिवसांनी पोरगी आष्टीच्या बाजारात एका उलट्या हातगाडीखाली सापडली. तिथं काय झालं, काय नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. आष्टीचं नाव निघालं की ती दोन्ही कानांवर हात ठेवायची. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोर्ड वाचन ते. मी बसलो आहो."

वर्षभर ते बसले. आणि मी तुम्हाला खरं सांगते, ते वर्ष बघवत नव्हतं. कमल आज एक शब्द ओळखायची आणि उद्या तोच शब्द परका. सर रेतीत अक्षरं काढत, तिच्या पाठीवर बोटानं गिरवत, ज्वारीच्या कणसाचे दाणे मांडून शब्द करत. वर्गातली बाकीची मुलं गोगलगायीच्या चालीनं का होईना पुढं सरकत होती. वर्ष संपत आलं तेव्हा कमल अडखळत, पण स्वतःच्या डोळ्यांनी, काही थोडे शब्द वाचत होती. घर, बस, वड, कमल. सर त्यावर इतके समाधानी की सुपारी वाटत सुटले. आम्ही मात्र हादरलो. साहेब येणार ते पुस्तकातला धडा वाचून घेणार, आणि सर 'वड'पाशी बसलेले!

साहेब आले. मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, गावातले चार मोठे लोक बसले, सेवंताबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. साहेबांनी नेमकं कमललाच उठवलं. दुसरीच्या पुस्तकातला विहिरीचा धडा उघडून दिला.

आणि कमल वाचू लागली. "आमच्या शेतात विहीर आहे. विहिरीवर मोट आहे. बैल मोट ओढतात..." खणखणीत आवाज, कुठं अडखळणं नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. झाडे गुरुजींनी टोपी सारखी केली. मी आनंदानं सरांकडे पाहिलं, आणि त्यांचा जबडा थांबलेला होता. ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मीही मग खाली पाहिलं. कमलचं तोंड विहिरीच्या काठावर पोचलं होतं. बोट अजून शेतातच होतं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. "शाब्बास! वा, शाब्बास!" कमलनं मान वर केली आणि ती हसली. इतक्या वर्षांत त्या पोरीचे दात मी पहिल्यांदा पाहिले. चौकटीला टेकलेली सेवंताबाई पदर तोंडात धरून रडत होती. सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतात. त्यांनी कमलकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

सगळे गेल्यावर भोयर मास्तर स्वतःहून पुढं आले. साहेब येणार हे कळल्यापासून त्यांनी कमलला रोज घरी बोलावून, साहेब दर तपासणीला काढत तोच विहिरीचा धडा घोकून घेतला होता. "वर्ग टिकला ना, सर," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरलेले.

सर बस्करावर बसले होते, भिंतीला टेकून, पाय पसरून. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "भोयर, तुमी मायेनं केलं. म्हून मले रागबी काढता येत नाई." मग माझ्याकडे वळून, जणू मी जाब विचारला होता, "ते हासून राह्यली होती वो बाई. कसं सांगू मी? कसं?"

त्या दिवसापासून सगळं उलटं फिरलं. वर्ग मंजूर झाला. साहेब इतके खूश, की ही रीत सगळ्या जिल्ह्याला दाखवायची असं त्यांनी ठरवलं. शिक्षकांची शिबिरं लागली. जीप यायची, सर आणि कमल त्यात बसायचे, कुठल्यातरी गावी शाळेच्या सभागृहात सर थांबण्याबद्दल बोलायचे, आणि मग साहेब म्हणायचे, "आता प्रात्यक्षिक." कमल उठून विहिरीचा धडा म्हणायची. टाळ्या. समोरचे शिक्षक घरी काय घेऊन जात? धडा पाठ करून घ्यायचा आणि त्याला नवी पद्धत म्हणायचं. ते त्यांना आधीपासूनच येत होतं. आमच्याच शाळेत मागच्या खोलीतून घोकण्याचा आवाज यायला लागला, कारण साहेबांना आता प्रत्येक मूल कमलसारखं वाचताना हवं होतं. आणि मधल्या सगळ्या दिवसांत कमलला शब्दापाशी बसायला वेळच मिळेना. तिचं 'घर' गेलं, 'वड' गेला. सरांनी दोनदा साहेबांना गाठून खरं सांगायचा प्रयत्न केला. साहेब हसले आणि म्हणाले, तुम्ही फार कडक आहात स्वतःवर. खोटं नाव कमावलेला माणूस किती एकटा पडतो, ते मी तेव्हा पाहिलं. सर वाळत चालले. सुपारी सुटली. शनिवारी आमच्यात बसायचे आणि बोलायचं विसरून जायचे.

मग आष्टीचं शिबिर आलं.

त्या जीपमध्ये मीही होते. तळेगाव मागं पडल्यावर कमलला कळलं आपण कुठं चाललो आहोत. तिनं कानांवर हात ठेवले आणि आत्ता काढेल, मग काढेल म्हणता सभागृहात जाईपर्यंत काढले नाहीत. सरांनी साहेबांना विनवलं, आज हिला नको. साहेब म्हणाले, अहो, एवढे शिक्षक लांबून आलेत. सभागृह खच्चून भरलेलं. आष्टीच्या गावात, जिथं ती हातगाडीखाली सापडली त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, त्या पोरीनं उठून तोच धडा म्हटला. आवाज कुठून तरी विहिरीतूनच आल्यासारखा. टाळ्या सुरू झाल्या तोच सर उठले. त्यांनी बगलेतलं बस्कर व्यासपीठावर अंथरलं, घड्याळ काढून खिशात टाकलं, कमलला शेजारी बसवलं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

"हे काय?" पहिल्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या. कमल पानाकडे बघत राहिली. पुढच्या रांगेत कोणी खोकलं. साहेब हळूच म्हणाले, "अहो, सुरुवात करून द्या तिला." सर हलले नाहीत. मागून कुजबुज उठली, मग हसण्याचे आवाज. मला वाटत होतं उठावं आणि ओरडावं तो शब्द! सर तिला म्हणाले, "घाई नाई. मी बसलो आहो."

कमलनं मान वर केली. सरांकडे पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मले नाई येत, सर."

"शाब्बास," सर म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचा आवाज फुटला होता. मग समोरच्या शिक्षकांकडे बघून म्हणाले, "हे पोरगी इतक्या दिवसांत आज खरं बोलली. शिकवणं आता इथून सुरू होते. मी तुमाले खोटं दाखवत आलो. माफ करा." साहेब ताडकन उठून बाहेर गेले. परत येताना जीपमध्ये कमल झोपली, सरांच्या मांडीवर डोकं ठेवून, हात कानांवरून काढून.

महिना संपायच्या आत वर्ग बंद झाला. खोलीत पुन्हा सुकडीची पोती आली. मुलांना त्यांच्या त्यांच्या जुन्या वर्गात बसायला सांगितलं. त्यातली निम्मी बसलीच नाहीत. एक गुरांमागं गेला, एक पोरगी भावंडं सांभाळायला राहिली, ज्याला ऐकू कमी येत होतं तो तर आईबापांबरोबर कामाला परगावी निघून गेला. सरांची बदली हिंगणीकडच्या एका शाळेत झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले, चहा न घेता बसून राहिले. उठताना एवढंच म्हणाले, "बाई, खरं बोलून मी त्याईचा वर्ग घालवला. खोटं बोलून ठेवला असता त त्याईचं काय झालं असतं, तेबी मले माईत हाय. मंग कराचं काय माणसानं? सांगा ना."

पुढं माझीही बदली हिंगणघाटला झाली. तिथं एका रविवारी मी बसस्टँडवर गेले तर फलाटाच्या कडेला, तेच बस्कर अंथरून, सर आणि कमल. सेवंताबाई मागं पिशव्यांवर पेंगत बसलेली. दर रविवारी सर तिकडून दोन गाड्या बदलून यायचे, मायलेकी अल्लीपूरहून यायच्या. गाडी आत शिरली की सर तिच्या पाटीकडे बोट करायचे. "हे काय?" कमल ओठ हलवू लागायची, पहिलं अक्षर कसंबसं जुळायचं, आणि कंडक्टर घंटी मारायचा. गाडी निघून जायची. माणूस जन्मभर थांबायला शिकला, आणि आता शिकवायला मिळालं काय, तर एक मिनिट न थांबणारी वस्तू. कंट्रोलर येऊन खेकसला, "ओ मास्तर, हे काय शाळा हाय का?" सरांनी बस्कर थोडं मागं ओढलं आणि कमलला म्हणाले, "जाऊ दे. दुसरी येईन."

मला ते बघवलं नाही. मी सरांना ओळख न देता परत फिरले.

त्यानंतर काही वर्षांनी, माझी पुन्हा बदली होऊन मी वर्ध्याला आले होते तेव्हा, भोयर मास्तरांकडून कळलं की सरांना लकवा झाला. सेलूला घरीच असतात. मी एका दुपारी गेले. दार सरांच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. त्यांनी मला आत न्यायच्या आधी ओसरीत थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं. बोलणं बरंच परत आलं आहे, दिसतंही नीट. पण अक्षरं गेली. डॉक्टर म्हणतात, डोक्यातला तेवढाच भाग गेला. अक्षर दिसतं, पण लागत नाही. "कबूल नाई करत," वहिनी म्हणाल्या. "कोणी आलं का पुस्तक घेऊन बसते. तुमी काई बोलू नोका."

सर बाजेवर उशीला टेकून बसले होते. एक हात मांडीवर निर्जीव पडलेला. मला पाहून डोळे चमकले. "या बाई," म्हणाले, आणि चांगल्या हातानं पुस्तक ओढलं. तेच दुसरीचं, पानं पिवळी पडलेली. "वाचणं सुरू हाय माहं," म्हणाले आणि वाचू लागले. "आमच्या शेतात विहीर आहे. विहिरीवर मोट आहे..." जीभ थोडी जड, बाकी अडखळणं नाही. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहायचं ठरवलं होतं. पण ज्यांनी शिकवलं त्यांनीच घात केला. नजर खाली गेली. बोट मागं राहिलं होतं.

मी मान हलवत राहिले. वा, सर, वा. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात वहिनींच्या मागून एक बाई आत आली. विशीची, अंगावर सुती लुगडं, हातात पिशवी. चपला दाराशी काढताना ती वाकली तेव्हा मी ओळखलं. कमल. मी विचारलं, "कोणाबरोबर आलीस गं?"

"एकटीच आली, बाई. माय गेली मांगच्या साली. वर्ध्याले गाडी बदलली. बोर्ड पाहून."

ती सहज म्हणाली आणि कोपऱ्यातलं बस्कर काढून बाजेशेजारी अंथरू लागली. दर आठवड्याला येते, वहिनी म्हणाल्या. सर अजून वाचतच होते. मोट, बैल, रहाट. कमलनं थोडा वेळ ऐकलं. मग त्यांच्या बोटावर आपला हात ठेवला.

"सर. बोट मांगं राह्यलं."

सर थांबले. त्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघितलं. कमलनं पान उलटलं, त्यांचं बोट धरून एका शब्दावर ठेवलं आणि विचारलं, "हे काय?"

सरांचे ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. "मले," ते म्हणाले, "नाई येत, कमल."

"घाई नाई, सर," ती म्हणाली. "मी बसली आहो."

तो शब्द मला उलटा दिसत होता, तरी वाचता येत होता. साधा दोन अक्षरी शब्द. तो माझ्या तोंडात येऊन बसला होता. बाहेर रस्त्यावरून वर्ध्याकडची गाडी हॉर्न वाजवत गेली. अल्लीपूरला पोचायचं तर तीच धरायला हवी होती, हे कमलला माहीत होतं. ती हलली नाही. मीही ओठ घट्ट मिटून बसले. असं किती वेळ गेला, कोण जाणे.

अंधार पडायला लागला तशी मी उठले. शब्द अजून आलेला नव्हता. दारातून वळून पाहिलं, तर सरांचं बोट तिथंच होतं, आणि कमल बसलेली होती.